निळ्याशेजारचा काळा

सांगलीच्या एका कला महाविद्यालयात मी गेली एकोणीस वर्षं कलेचा इतिहास शिकवतो. हा विषय कुणालाच नको असतो. पोरांना रंगात हात घालायचे असतात आणि मी त्यांना जेवणानंतर पडदे ओढलेल्या खोलीत बसवून दुसऱ्यांनी काढलेली चित्रं दाखवतो. निम्मी झोपतात. पूर्वी मी खडू फेकून मारायचो. आता ते चालत नाही, म्हणून नुसता ओरडतो. माझा आवाज मोठा आणि डोकं गरम, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

वर्षातला एक तास मात्र कुणी झोपत नसे. तो समुद्राच्या एका चित्राचा तास.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं लहानसं बंदर. संध्याकाळची वेळ. पुढे वाळू, वाळूत टाकलेले नांगर, एक दिव्याचा खांब, पलीकडे पाण्याची पट्टी आणि थोड्या होड्या. माणूस एकही नाही. सगळं चित्र ठिपक्यांचं. काढणारा एकतिसाव्या वर्षी गेला आणि हा त्याचा शेवटचा उन्हाळा. मी स्वतः समुद्र पाहिला तो पहिल्यांदा लग्नानंतर, गणपतीपुळ्याला, आणि तो मला या चित्रापुढे जरा गबाळाच वाटला. बायको अजून मला त्यावरून चिडवते.

या चित्राचं महत्त्व पोरांना समजावं म्हणून मी आधीचे चित्रकार दाखवायचो. ते उजेडाच्या मागे धावत. ढग सरकायच्या आत चित्र संपवायचं, म्हणून ब्रश भराभर चालायचा. या पठ्ठ्यानं ती धावपळ थांबवली. रंग थाळीत कालवायचे नाहीत, शुद्ध रंगाचा एकेक ठिपका शेजारी शेजारी ठेवायचा आणि कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं, असं त्यानं ठरवलं. लोक हसले. पुढच्या पिढीनं मात्र त्याच्याकडून शुद्ध रंगाचं धाडस उचललं आणि मग चित्रातला रंग वस्तूच्या ताबेदारीतून सुटला. पुस्तकांत त्याच्या माणसांनी भरलेल्या मोठ्या चित्रांना चार पानं मिळतात आणि समुद्राच्या चित्रांची अर्ध्या परिच्छेदात बोळवण होते. याचा मला मनापासून राग आहे. माणसं काढून टाकल्यावर लपायला जागा उरत नाही, तिथे फक्त रंग खरा की खोटा एवढंच उरतं, असं मी टेबलावर हात आपटून सांगायचो.

मग मी रंगाऱ्याच्या गोष्टीवर यायचो. हे सगळं त्या चित्रकाराला सुचलं कुठून? त्याच्या बऱ्याच आधी पॅरिसमध्ये भिंतीवरचे गालिचे विणण्याचा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगखात्यावर एक रसायनशास्त्रज्ञ नेमलेला होता. विणकरांची तक्रार आली, की तुमचा काळा धागा कच्चा आहे, विटका दिसतो. त्यानं धागा तपासला. काळा उत्तम होता. दोष शेजारच्या निळ्याजांभळ्याचा होता. निळ्याला खेटून काळा ठेवला, की डोळा आपल्या मनानं त्या काळ्यावर तांबूस झाक चढवतो आणि चांगला काळा विटका दिसू लागतो. त्या एका तक्रारीतून त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला, तो चित्रकारांनी वाचला, आणि समुद्राच्या त्या चित्रातला ठिपका ठिपक्याशेजारी बसला.

एवढं झालं, की मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगायचो.

माझे वडील, म्हणजे आण्णा, मूळचे वडूजकडचे. भाऊ सगळे पलटणीत गेले आणि आण्णा माधवनगरला गिरणीत लागले, ते वाढत वाढत रंगमास्तर झाले. त्यांच्या डोळ्याचा आमच्या घरात फार दबदबा. भाजीच्या पाटीतली मेथी सकाळची की कालची हे ते उंबऱ्यातून सांगत. त्यांच्या हाताखालून निघालेला एक निळा एका वर्षी गिरणीनं मुद्दाम नवीन साडीला घेतला होता. निळं अंग आणि काळे काठ. माल बाहेर गेला आणि महिन्याभरात व्यापाऱ्यांनी परत पाठवला. काठ विटका म्हणून. मालकानं सगळ्या खात्याला अंगणात उभं केलं. आण्णांनी साडी उन्हात धरली, काठ बघितला आणि काळ्या रंगाच्या टाकीवरच्या माणसाकडे बोट केलं. टाकीत रंग कमी पडला होता, म्हणजे रंगाची भुकटी कुणीतरी बाहेर नेली होती, आणि टाकी त्याची होती. तो माणूस उंब्रजच्या बौद्धवस्तीतला. त्याला त्याच दिवशी काढलं. मी तेव्हा पाचवीत होतो, शाळेत होतो, पण ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा ऐकली की तिथे हजर असल्यासारखी ती मला पाठ आहे. लग्नकार्यात जेवणं उरकली की पाहुणे स्वतःहून विचारायचे आणि आण्णा सुरू करायचे.

"मालक म्हनला, मास्तर, कशावरनं? म्हनलं, माझ्या डोळ्यावरनं."

मग ते ट्रंकेतून त्या साडीचा वीतभर तुकडा काढून दाखवायचे. निम्मा निळा, निम्मा काळा. सगळे माना डोलवायचे. कॉलेजात लागल्यावर तो तुकडा मी आण्णांकडून मागून घेतला आणि दर वर्षी त्या तासाला वर्गात फिरवू लागलो. डोळा तयार कसा असावा याचा नमुना म्हणून. तिकडे पॅरिसचा शास्त्रज्ञ आणि इकडे माधवनगरचे आमचे आण्णा, अशी जोडी लावताना मला छाती फुगल्यासारखं व्हायचं.

एकोणीस वर्षं मी या दोन गोष्टी एकापाठोपाठ एक, त्याच तासाला, त्याच दमात सांगितल्या. पोरं हसली, टाळ्यासुद्धा पडल्या. मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

या वर्षी वडूजकडची एक मुलगी वर्गात आहे. गप्प असते, मागे बसते. तुकडा फिरत फिरत तिच्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मी म्हटलं, "पुढे दे की. घरी न्यायचाय का?" पोरं हसली. ती उठून खिडकीशी गेली, पडदा बाजूला केला, वहीचा कोरा कागद फाडला आणि निळ्या भागावर ठेवला. मग कागद काढला. पुन्हा ठेवला.

"सर," ती म्हणाली, "काळा तर चांगला हाय."

मी म्हटलं, "काय?"

"निळा झाकला की काळा एकदम काळा दिसतोय. तुमी आत्ताच सांगितलं न्हवं, त्या गालिच्याचं? मग तुमच्या वडिलांना कसं कळलं, रंग कमी हाय म्हणून?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तिच्या हातून तुकडा घेतला, कागद घेतला आणि स्वतः ठेवून बघितलं. तेलाचा हात फिरवलेल्या तव्यासारखा गडद, भरीव काळा. कागद काढला की तांबूस, मरगळलेला. मी तीन-चार वेळा करून बघितलं. मग घड्याळाकडे बघत तास संपला म्हणून सांगितलं. अजून वीस मिनिटं बाकी होती.

स्टाफरूममध्ये बसून मी स्वतःशी वकिली सुरू केली. कापड चाळीस वर्षांहून जुनं आहे. ट्रंकेत निळाच बदलला असेल. एका तुकड्यावरून काय ठरतं? पण या क्षेत्रात माझं आयुष्य गेलंय, मला स्वतःला फसवता येईना. आण्णाच सांगत, की आधीच्या हिरव्या आणि लाल साड्यांना त्याच टाकीतला काळा वर्षानुवर्षं चालला होता. एकही साडी परत आली नव्हती. नवीन होता तो फक्त निळा, आणि निळा आण्णांचा होता. एक माणूस चोर ठरला होता आणि त्यानं काही केलेलं नव्हतं. आणि त्याची चोरी मी एकोणीस वर्षं, वर्गामागून वर्ग, पोरांना सांगत आलो होतो. मला स्वतःची किळस आली.

आण्णा शहाऐंशीचे आहेत. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं. त्यांना लगेच काही विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याआधी तो माणूस आहे का, हे बघावं म्हणून पुढच्या शनिवारी मी कराडची एसटी धरली आणि तिथून उंब्रजला उतरलो.

फार शोधावं लागलं नाही. बौद्धवस्तीत, माधवनगरच्या गिरणीत कामाला असलेला कोण, एवढं विचारल्यावर एका म्हातारीनं सांगितलं, की ते जाऊन पंधरा वर्षं झाली, त्यांची मुलगी जवळच्याच गावात शाळेची मुख्याध्यापिका आहे, आत्ता शाळेतच असेल. मी तिथे पोचलो तेव्हा शनिवारची शाळा सुटत होती. बाई माझ्याच वयाच्या आसपासच्या, थोड्या लहान. मी कोण ते सांगितलं. आण्णांचं नाव ऐकल्यावर त्यांनी हातातली हजेरी मिटली आणि व्हरांड्यात खुर्ची टाकली. पाणी मात्र दिलं नाही. ते मला बरोबरच वाटलं.

मी तुकडा आणि कागद काढला आणि सगळं सांगितलं. समुद्राचं चित्र, पॅरिसचा कारखाना, वर्गातली मुलगी. मला वाटलं होतं, त्या तुकडा हातात घेऊन बघतील. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

"आमच्या घराची झडती घेतली तेव्हा मी तिसरीत होते," त्या म्हणाल्या. "गिरणीची चार माणसं आली होती. पिठाचा डबा जमिनीवर ओतला. रंगाची काळी भुकटी शोधत होते, पांढऱ्या पिठात."

मी तुकडा घडी करून खिशात ठेवला.

"नंतर सांगली झाली, इचलकरंजी झाली. कुठल्याच रंगखात्यानं घेतलं नाही. चोर म्हणून नाव पुढे जाऊन बसलेलं. मग इथे येऊन वीटभट्टीवर लागले. आईनं शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. म्हणायची, उगं कोण काढतंय का? काहीतरी केलंच असंल तुमी."

त्या थांबल्या. मुलं दप्तरं घेऊन फाटकाकडे पळत होती, त्यांच्यावर एकदा ओरडून त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"ते एकच सांगायचे. मी मास्तरला म्हनलो हुतो, निळ्यावर हात ठिवा आन मग काळा बघा. आम्हाला ते कळायचंच नाही हो, सर. निळ्यावर हात ठेवल्यावर काळ्याचं काय होणार? आईला वाटायचं, डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसंच वाटायचं. तुम्ही आज येईपर्यंत."

पॅरिसच्या त्या विद्वानानं ज्यासाठी ग्रंथ लिहिला, ते या माणसाला टाकीवर उभं राहून ठाऊक झालं होतं. रोज सुताच्या शेकडो लडी पिळून, दोरीवर शेजारी शेजारी वाळत घालून. एकाचं नाव कलेच्या इतिहासात गेलं, आणि दुसऱ्याला त्याच्या बायकोनं वेडा ठरवलं. आणि त्या इतिहासाचा पगारी मास्तर मी.

मी माफीचं काहीतरी पुटपुटू लागलो. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"माफी राहू द्या. तुमचे वडील आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग त्यांना विचारा. माझे वडील असं बोलले होते का? त्या दिवशी, सगळ्यांसमोर? हो की नाही, एवढंच मला हवंय. ते सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. माझे वडील वेडे नव्हते, एवढं मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी फोन नंबर दिला. येताना एसटीत मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो आणि सांगली येईपर्यंत मनात एकच घोळत होतं, की आण्णा 'नाही' म्हणाले तर बरं होईल. असा विचार माझ्या मनात आला, हे लिहायला लाज वाटते, पण तो आला होता.

घरी गेल्यावर मी विचारलं. आण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "गिरनी बंद पडून किती वरसं झाली. काय उकरतोस?" तिसऱ्या दिवशी माझा ताबा सुटला. शहाऐंशी वर्षांच्या आंधळ्या माणसावर मी वर्गातल्या आवाजात ओरडलो. तुमच्या निळ्यानं त्या माणसाचं वाटोळं केलं, असं म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला हाताला धरून बाहेर नेलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि तेही जेवले नाहीत.

त्यानंतर मी विषय सोडून दिला. बाईंना फोन करून काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. आण्णा घडीघडीला आजारी पडत होते. दोनदा दवाखान्यात नेऊन आणलं. दर वेळी मला भीती वाटायची, की हे आता असेच जातील आणि उंब्रजला तो प्रश्न तसाच राहील.

परवाच्या रविवारी सकाळी मी त्यांची दाढी करत होतो. ही आमची सवय झालीय, दृष्टी गेल्यापासूनची. एक गाल झाला होता. मी वस्तरा पाण्यात बुडवला आणि ते आपणहून म्हणाले, "म्हनला हुता."

"कोण, आण्णा?"

"उंब्रजचा. म्हनला हुता त्यो."

मी हात पुसले. त्यांना म्हटलं, जरा थांबा, हे तुम्ही त्यांच्या मुलीलाच सांगा. ते नको म्हणाले नाहीत. मी तो होकार धरला. नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशाशी ठेवला आणि बाईंना म्हणालो, "ताई, आण्णा बोलताहेत." मग आण्णांना म्हणालो, "आण्णा, त्यांची मुलगी ऐकतीय. बोला."

आण्णांनी घसा खाकरला. अर्ध्या तोंडाला साबण तसाच होता.

"म्हनला हुता, पोरी," ते म्हणाले. "मास्तर, निळ्यावर हात ठिवा आन मग काळा बघा, म्हनला. सगळ्यांच्या म्होरं म्हनला. मालक हुता, व्यापारी हुतं. मोठ्यानं म्हनला."

मला वाटलं, फोन तुटला. मी आकडे बघितले, सेकंद पुढे जात होते. मग एक लांब श्वास ऐकू आला. त्या रडताहेत, हे मला कळलं आणि माझेही डोळे भरले. झालं एकदाचं, असं मला वाटलं. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं, त्यांचंही आणि आमचंही. आण्णांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं मला त्या क्षणी.

मग बाईंनी विचारलं, अगदी हळू आवाजात. "मग तुम्ही हात का नाही ठेवलात, काका?"

हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं, किंवा विचारायची भीती असेल. आण्णांनी चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवला. त्यावर राग नव्हता, शरम नव्हती. एवढ्या साध्या गोष्टीचं उत्तर का विचारतेय ही, असा नुसता बुचकळ्यात पडलेला चेहरा.

"म्या?" आण्णा म्हणाले. "त्याच्या सांगन्यावरनं?"

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हनली रं?" आण्णांनी विचारलं.

"बरं म्हणाल्या," मी सांगितलं, आणि त्यांचा दुसरा गाल करायला घेतला.